शिष्यवृत्ती कागललाच उतरते

पोरगी रात्रीच्या गाडीने कोल्हापूरहून बंगळुरूला जाते. तिची शिष्यवृत्ती मात्र सीमेअलीकडच्या कागललाच उतरते.

८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरेल. फार मोठा निर्णय आहे आणि त्याचं कौतुक मनापासून करायला हवं. बारावीनंतर ‘पोरीला बी.ए. करू दे, फी कमी आहे’ म्हणणारी कितीतरी घरं या एका कागदाने थांबली असतील. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तीत खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी फी सरकार देतं. पण या दोन्ही ठिकाणी अट एकच: कॉलेज महाराष्ट्रात हवं, प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा.

त्याच मुलीला, त्याच गुणांवर, कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांच्या कॉमेडके परीक्षेतून बंगळुरूत जागा मिळाली तर? घर तेच, बापाचं उत्पन्न तेच, तहसीलदाराचा दाखलाही तोच. सरकारचा वाटा शून्य.

‘मग महाराष्ट्रातच शिका ना,’ असं म्हणणारे लगेच भेटतील. त्यांना एक साधा प्रश्न आहे. परदेशात जाऊन एम.एस. किंवा पीएच.डी. करायला हेच राज्य अनुसूचित जातींच्या, ओबीसींच्या आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. जागा मोजक्या आहेत, पण आहेत. आणि त्या असायलाच हव्यात. लंडनचं विद्यापीठ सरकारला चालतं. मग एका रात्रीच्या प्रवासावरचं, शेजारच्या राज्यातलं, गुणवत्तेवर मिळालेलं कॉलेज का चालू नये? गडहिंग्लजच्या, चंदगडच्या मुलाला बंगळुरू परकं वाटत नाही. मावसभाऊ तिथे कामाला असतो, गावचा कुणीतरी व्हाइटफील्डमध्ये खोली करून राहिलेला असतो. इंटर्नशिप आणि पुढची नोकरी तिथेच दिसत असते. तो हौसेने जात नाही, हिशेबाने जातो.

ज्यांच्या नावाने ही योजना आहे, ते शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १९०१ मध्ये त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लीम अशा एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांग लावली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची रक्कम होती महिना साडेअकरा पौंड. आंबेडकर शिकले होते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. बडोदा संस्थानाने पैसे दिले ते न्यूयॉर्कला शिकायला. संस्थानिकांच्या काळात जे जमलं, ते आज एकाच देशातल्या दोन राज्यांना जमत नाही, याचा राग यायला हवा. मला येतो.

आता सीमेच्या पलीकडची बाजू. कर्नाटकची सीईटी द्यायची तर साधारण अट अशी की मुलाने किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात काढलेली असावीत. म्हणजे आपल्या मुलाला सरकारी कोट्यातली स्वस्त जागा नाही. त्याला कॉमेडके किंवा मॅनेजमेंट कोटा. आणि कॉमेडकेची फी बऱ्याच कॉलेजांत वर्षाला दोन-अडीच लाखांच्या घरात. बाहेरच्या मुलाकडून जास्त घेण्याची ही रीत जुनी आहे. बंगळुरूपासून सत्तर किलोमीटरवर तुमकूर आहे. तिथल्या खासगी वैद्यकीय कॉलेजाच्या फीवरून मोहिनी जैन खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९२ मध्ये निकाल लागला. तेव्हाचे दर पाहा: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलांना २५,००० आणि कर्नाटकाबाहेरच्यांना ६०,०००. न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढे १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल आला, २००२ चा टी. एम. ए. पै निकाल आला, चौकटी बदलत गेल्या. बाहेरच्याने जास्त मोजायचं, हे मात्र राहिलंच.

आणि सर्वांत झोंबणारी गोष्ट पुढे आहे. दोन्ही राज्यांना आपली सीमा ओलांडता येते. चांगली येते! महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र वर्ग आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं त्यातून इकडे येतात. कर्नाटकनेही तसंच केलं आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांत राहून शिकलेल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकची सीईटी ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून खुली आहे. म्हणजे जमिनीवर हक्क सांगायचा असतो तेव्हा दोघांनाही शेजारच्या राज्यातलं मूल आपलं वाटतं. फी भरायची वेळ येते तेव्हा घरचं मूलही सीमेपलीकडे गेलं की आपलं राहत नाही. सीमाप्रश्नावर सभा घेणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना मी हे तोंडावर विचारायला तयार आहे.

तरीही काही मदत सीमा ओलांडते, आणि ती माहीत नसल्यामुळे बुडते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तो मूळ ज्या राज्याचा, त्या राज्याने द्यायची असते, मग तो देशात कुठेही शिको. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बंगळुरूत शिकणाऱ्या लातूरच्या मुलाने ती महाराष्ट्राकडे मागायची आहे, आणि ‘तू बाहेर शिकतोस’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न आठ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. चार वर्षांचे दोन लाख होतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तशीच ‘सक्षम’ शिष्यवृत्ती आहे. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्याला केंद्राची पदवीची शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये देते. रक्कम लहान आहे, पण मेसचे दोन-तीन महिने निघतात. इन्फोसिस फाउंडेशनने २०२३ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी ‘स्टेम स्टार्स’ सुरू केली, वर्षाला एक लाखापर्यंत. बंगळुरूच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार शिक्षणाची आणि निवासाची फी पूर्णसुद्धा माफ होते. कॉलेज निवडताना फीचा आकडा सगळे विचारतात. ‘तुमच्याकडे गरजेनुसार फीमाफी आहे का, आणि अर्ज कधी करायचा?’ हा प्रश्न प्रवेशाआधी विचारणारा पालक मला फार क्वचित भेटतो.

एवढं करूनही बहुतेक घरांना शेवटी शैक्षणिक कर्जाच्या दारात उभं राहावं लागतं. इथे जरा थांबू.

या कर्जाची चौकट बंगळुरूशी जोडलेली आहे. शहराच्या मध्यावर जे. सी. रोडला मुख्य कार्यालय असलेल्या कॅनरा बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. जे. कामत यांच्या अभ्यासगटाने ती आखली, भारतीय बँक संघटनेने आदर्श योजना म्हणून स्वीकारली आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना कळवली. कल्पना स्वच्छ होती: बापाची ऐपत न बघता मुलाची उद्याची कमाई बघून कर्ज द्यायचं.

आता शाखेत काय घडतं ते पाहा. साडेतीन लाखांचं कर्ज मागायला शेतकरी बाप आणि मुलगी टेबलासमोर बसतात. पहिला प्रश्न येतो, ‘एलआयसी किती आहे?’ दुसरा, ‘एफडी?’ तिसरा, ‘घर कुणाच्या नावावर? सातबारा आणा, मग बघू.’ मुलीचे गुण, कॉलेज, शाखा यांबद्दल चौथा प्रश्नही येत नाही.

नियम काय आहे? चार लाखांपर्यंत तारण नाही, बाहेरचा जामीनदार नाही. आई किंवा वडील सहकर्जदार, एवढंच. चार ते साडेसात लाखांना जामीनदार. आणि २०१५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कर्जासाठी पतहमी निधी उभा केला. त्याच्या छत्राखाली साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणही नको आणि जामीनदारही नको. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्के तो निधी बँकेला देतो. तीन चतुर्थांश जोखीम सरकारने आधीच उचललेली असताना शेतकऱ्याचा सातबारा मागणं याला मी सावधपणा म्हणणार नाही. ती अडवणूक आहे.

दुसरी अडवणूक पत्त्याची. बंगळुरूची शाखा म्हणते, वडील राहतात तिथे जा. गावची शाखा म्हणते, कॉलेज आहे तिथे जा. पोरगी जुलैच्या पावसात दोन्हीकडे फाइल घेऊन फिरते. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१२ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे की अर्जदाराचं घर शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही, या कारणावर शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारायचा नाही. परिपत्रकाची एक प्रत फाइलमध्ये लावा. वाद घालायची गरज पडत नाही, कागद समोर ठेवला की पुरतो.

तिसरी, बापाचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीवरून ठरणारा पतगुणांक. थकलेलं पीककर्ज किंवा मोटारसायकलचे चुकलेले हप्ते यांचा डाग मुलीच्या अर्जावर येतो. केरळ उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलं की केवळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. तो निकाल केरळचा आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या शाखेवर बंधनकारक नाही. पण अर्जासोबत जोडायला कुणाची हरकत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. आदर्श योजनेनुसार अर्ज नाकारायचा असेल तर शाखेने वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यायची असते आणि कारण विद्यार्थ्याला कळवायचं असतं. ‘साहेब, नाही म्हणताय तर कारणासकट लिहून द्या.’ हे वाक्य आपल्या माणसाच्या तोंडून निघत नाही. बँकेत साहेबासमोर आवाज खाली जातो, टोपी हातात येते. ते कर्ज म्हणजे साहेबाची मेहेरबानी नाही. ठरलेल्या अटींवरचा तो व्यवहार आहे आणि त्यात बँक व्याज कमावते. लेखी तक्रार बँकेकडे करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती फुकट जाते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या क्रमवारीत वरच्या, सुरुवातीला ८६० असलेल्या, संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्याला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याजाची सवलत. तेव्हा निवडलेलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघा. मॅनेजमेंट कोट्यात पैसे मोजून घेतलेल्या जागेला हा दरवाजा बंद आहे. एजंट हे सांगत नाही.

आता जरा आकडे, कारण घरात ते कुणी मांडत नाही. समजा चार वर्षांत साडेसात लाखांचं कर्ज, दरवर्षी सारखी रक्कम, व्याज दहा टक्के. शिकताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज साधं का होईना चढत असतं. परतफेड सुरू होते त्या दिवशी त्यावर सुमारे दोन लाख बासष्ट हजार व्याज साचलेलं असतं. एकूण झाले दहा लाख बारा हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता तेरा हजार चारशेच्या आसपास. बंगळुरूच्या आयटी सेवा कंपनीत नव्या मुलाचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या जवळपास, हातात येतात पंचवीस हजार. पीजीचे दहा हजार, बसचा पास, गावी पाठवायचे म्हटलं तर उरलं काय? पंधरा वर्षांची मुदत घेतली की हप्ता अकरा हजारांखाली येतो, पण घेतलेल्या साडेसात लाखांचे एकूण साडेएकोणीस लाख फेडले जातात.

आता दुसरा आकडा बघा. २००९ पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कर्ज बिनतारण असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं पूर्ण व्याज सरकार भरतं. व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना ती लागू आहे, संस्थेला आवश्यक मानांकन हवं. तिची नोडल बँकही कॅनराच. म्हणजे वरचे दोन लाख बासष्ट हजार कुटुंबाला द्यावेच लागत नाहीत, हप्ता दहा हजारांच्या आत येतो. त्यासाठी लागतो तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आणि तो दाखवून शाखेकडून अनुदानाचा दावा करून घेण्याची चिकाटी. महा-ई-सेवा केंद्रात मिळणाऱ्या त्या एका कागदाची किंमत अडीच लाखांहून जास्त आहे. आणि हेही लक्षात घ्या की बँकेने चुकीने जमीन तारण घेतली, तर हे अनुदानही हातचं जातं. सातबारा देऊन बाप दोनदा गमावतो.

ज्यांचं उत्पन्न या मर्यादेच्या जरा वर आहे, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. शिकतानाच व्याज दरमहा भरत गेलात, तर व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला पंधरा-सोळाशे रुपयांहून जास्त नसतं. मुलगी दोन शिकवण्या घेऊन ते भरू शकते. आणि कर्ज मागताना फक्त फी लिहू नका. राहण्या-जेवणाचा वाजवी खर्च, पुस्तकं, लॅपटॉप हेही या कर्जात बसतं. नाहीतर फी बँकेची आणि पीजीचं भाडं सावकाराचं, अशी घरं मी पाहिली आहेत.

सावकार येतो तो बहुतेकदा मुदतीच्या वाटेने. प्रवेशाची फेरी लागते, जागा पक्की करायला मोजके दिवस मिळतात. बँकेला कर्ज मंजूर करायला पंधरा दिवस ते महिना लागतो. या मधल्या दिवसांत आईच्या पाटल्या गहाण पडतात, कुणाचं तरी शेकडा तीनचं व्याज घरात शिरतं, आणि नंतर मिळणारं स्वस्त कर्ज ते महाग कर्ज फेडायला जातं. याला उपाय अवघड नाही. बँकेत दाखल केलेल्या अर्जाची पोच दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजने आणि प्रवेश प्राधिकरणाने एक महिन्याची मुदत द्यावी. दोन्ही राज्यांना हे एका आदेशाने करता येईल.

पालकांनाही मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आपल्याकडे बाप कर्जाचं ओझं पोरांपासून लपवतो. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं मी बघतो.’ त्यामागची माया मला कळते. पण शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर असतं, तुम्ही सहकर्जदार असता. अठरा वर्षांचं पोर ज्या कागदावर सही करतं, त्यावरचा व्याजदर, मुदत आणि हप्ता त्याला माहीत हवा. एका संध्याकाळी वही काढून वरचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. बंगळुरूची अडीच लाखांची जागा आणि घराजवळची फीमाफीची जागा यांत काय फरक पडतो, हे त्याला स्वतःला ठरवू द्या. कदाचित तो तरीही बंगळुरूच म्हणेल. म्हणू दे. मग तो तिथे जाईल तो हिशेब जाणून जाईल.

राहिलं महाराष्ट्र सरकार. मागणी फार मोठी नाही. ही मुलगी पुण्यात किंवा सांगलीत शिकली असती तर राज्याने तिच्यासाठी जी फी भरली असती, तेवढीच रक्कम शेजारच्या राज्यात गुणवत्तेवर मिळालेल्या मान्यताप्राप्त कॉलेजाला द्यावी. वरचा फरक घर भरेल, कर्ज भरेल. ती इथे शिकली असती त्याहून राज्याला एक रुपया जास्त लागत नाही. महाडीबीटीच्या पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी बाहेरच्या राज्यात शिकणारा विद्यार्थी नोंदवता येतो, म्हणजे यंत्रणाही आहे. हवा आहे तो ८ जुलै २०२४ च्या निर्णयाला जोडणारा एका परिच्छेदाचा शुद्धिपत्रकवजा आदेश. तो पुढच्या प्रवेश फेरीच्या आधी निघाला पाहिजे, आणि तो निघावा म्हणून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, धाराशिवच्या आमदारांनी अधिवेशनात एकत्र उभं राहायला पाहिजे. त्यांच्यापैकी कोण उभं राहतं, ते त्यांच्या मतदारसंघातल्या पालकांनी नावानिशी लिहून ठेवावं.